शांततेचे खरेदीखत : अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांविषयी एक तक्रार

आजचा धागा थोडा भांडखोर आहे. अ‍ॅमस्टरडॅमवरचे कोणतेही मराठी प्रवासवर्णन उघडा. संथ पाणी, त्यावर झुकलेले वृक्ष, कमानदार पूल, अरुंद उंच घरे आणि त्यानंतर हमखास येणारे वाक्य : ‘इथे काळ थांबला आहे.’ माझा आक्षेप नेमका या वाक्याला आहे. काळ तिथे थांबलेला नाही. तिथली शांतता निसर्गाने दिलेली नाही आणि परंपरेनेही नाही. ती ठरवून, कायदा करून, पैसे मोजून निर्माण केली गेली, आणि तिची किंमत बहुतांशी इतरांनी दिली.

मुळापासून पाहू. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे ३०,००० वस्तीचे हे शहर १६२२ पर्यंत १,०५,००० च्या घरात पोहोचले. दक्षिण नेदरलँड्समधील युद्धातून पळालेले व्यापारी व विणकर, इबेरियातून आलेले ज्यू, नॉर्वे आणि जर्मन प्रदेशांतील खलाशी या साऱ्यांना जागा हवी होती. १६१३ मध्ये नव्या विस्ताराचे खोदकाम सुरू झाले आणि जुन्या शहराभोवती तीन मोठे कालवे वळसे घेऊ लागले : हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त, म्हणजे अनुक्रमे कारभाऱ्यांचा, सम्राटाचा आणि राजपुत्राचा कालवा. या वलयाला २०१० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. इथपर्यंतची हकीकत मार्गदर्शक पुस्तिकांतही सापडते.

पुस्तिका सहसा सांगत नाहीत ते असे, की या नियोजनाचा पहिला अध्याय जमीन घोटाळ्याचा आहे. विस्तार कोणत्या दिशेला होणार हे ज्यांना आधी ठाऊक होते, त्यांनी तिकडच्या जमिनी आधीच घेऊन ठेवल्या. नगराध्यक्ष फ्रान्स उटखेन्स आणि त्याचा मेहुणा बार्टोल्ड क्रोमहाउट ही त्यांतली ठळक नावे. कॉर्नेलिस होफ्ट या सहकारी कारभाऱ्याने नगरसभेत त्यावर कडाडून टीका केली. आपल्याकडच्या विकास आराखड्यांच्या बातम्या वाचणाऱ्याला यात परके असे काही वाटू नये.

आता शांततेकडे वळू. नव्या कालव्यांकाठचे भूखंड विकताना त्यांना अटी जोडलेल्या होत्या. लोहारांचे घण, लाकडी पिंपे ठोकणारे कारागीर, आगीचे किंवा दुर्गंधीचे धंदे हे सारे प्रतिष्ठित कालव्यांवर नकोत, अशा त्या अटी. म्हणजे आज आपण ज्या निवांतपणाला ‘शहराचा आत्मा’ म्हणतो, तो आरंभी खरेदीखतातील एक कलम होता.

मग घण कुठे गेले? प्रिन्सेनग्राख्तच्या पलीकडे, योर्दान नावाच्या वस्तीत. अ‍ॅमस्टरडॅमचा नकाशा उघडून पाहा. तीन कालव्यांची रेषा आखीव आणि डौलदार आहे, पण योर्दानमध्ये शिरताच गल्ल्या एकदम तिरक्या होतात. कारण तिथे आखणी करण्याचा खर्चच टाळला गेला आणि जुन्या शेतांमधील चरांवरच रस्ते व लहान कालवे बसवले गेले. त्यातील एका कालव्याचे नाव आजही लोयर्सग्राख्त, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांचा कालवा. चामडे, रंग, साबण, साखर शुद्ध करण्याचे कारखाने, या सगळ्यांचा वास आणि धूर श्रीमंतांच्या उंबरठ्यापासून दूर ठेवण्यासाठी ही हद्द होती.

आणि हेरेनग्राख्तही निःशब्द होता असे समजू नका. घरांच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि तिला अडकवलेला आकडा आपण छायाचित्रात हौसेने टिपतो. तो शोभेसाठी नव्हता. त्यावरून दोर टाकून मालाची ओझी माळ्यावर चढवली जात. कालवा हा त्या काळचा मालवाहू रस्ता होता, आणि गटारही. घाण पाण्यातच जाई. उन्हाळ्यात दुर्गंधी असह्य झाली की धनिक कुटुंबे फेख्त नदीकाठच्या बागबंगल्यांत राहायला जात. ज्यांना तो बंगला नव्हता ते वास घेत राहत.

इथे एका दुसऱ्या सोप्या विधानाशीही मला भांडायचे आहे. ‘हे कालवे गुलामांच्या रक्तावर खोदले’ हे वाक्य समाजमाध्यमांवर जोरात चालते. ते कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. १६१३ साली शहराच्या समृद्धीचा कणा बाल्टिक समुद्रातून येणारे धान्य आणि लाकूड हा होता. डच वेस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६२१ मध्ये, आणि पश्चिम आफ्रिकेतील एल्मिनाचा किल्ला तिने पोर्तुगिजांकडून घेतला १६३७ मध्ये. गुलामांच्या व्यापारात ती मोठ्या प्रमाणावर उतरली ती त्यानंतर. खोदकाम आधीचे आहे. मात्र त्या काठांवरील कित्येक वाड्यांविषयी हे म्हणता येत नाही. शहराचा पुढचा विस्तार १६६० च्या दशकातला. हेरेनग्राख्तच्या ज्या भागाला ‘सोनेरी वळण’ म्हणतात, तो त्यातलाच. तिथले ५०२ क्रमांकाचे घर १६७२ मध्ये पाउलस खोडिन याने बांधले. तो वेस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता आणि गुलामांच्या व्यापारात गुंतलेला होता. आज ते महापौरांचे अधिकृत निवासस्थान आहे. आणि १६८३ पासून सुरिनाम वसाहत चालवणाऱ्या संस्थेत एक तृतीयांश वाटा कोणा एका व्यापाऱ्याचा नव्हता, तो अ‍ॅमस्टरडॅम शहराचाच होता. महापौर फेमके हाल्सेमा यांनी १ जुलै २०२१ रोजी शहराच्या वतीने माफी मागितली, त्यामागे हा हिशेब आहे.

पूर्वेकडचा हिशेब आपल्याला अधिक जवळचा आहे. श्रीखंडात आपण जे जायफळ किसतो, ते सतराव्या शतकात जवळजवळ केवळ बांदा बेटांवर पिकत असे. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसोन कून याने १६२१ मध्ये ती बेटे जिंकली. तिथल्या सुमारे १५,००० रहिवाशांपैकी बहुसंख्य मारले गेले, उपासमारीने मेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. ते जायफळ पुढे अ‍ॅमस्टरडॅमच्या वखारींत उतरले. हद्दपार केलेला कोलाहल योर्दानपुरता नव्हता, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

याच कंपनीने १६३७ मध्ये आदिलशाही मुलुखातील वेंगुर्ल्यात वखार उघडली. पोर्तुगिजांच्या गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिथून रसद मिळे. पुढे १६७७ मध्ये, जिंजीचा मुलूख घेतल्यानंतर, शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला, त्यात या मुलखातून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेण्यास व बाहेर नेण्यास स्पष्ट मनाई आहे. हे कलम आपण सुंदर अक्षरांत सजवून दरवर्षी फिरवतो. पण ती मनाई कोणाला होती आणि ती माणसे कुठे नेली जाणार होती, हे विचारत नाही. कोरोमंडलच्या बंदरांतून दुष्काळात विकली गेलेली माणसे याच कंपनीच्या जहाजांतून बटाव्हिया आणि सिलोनकडे जात होती. कौल अभिमानाने वाचावा, जरूर वाचावा, पण समोरच्या पक्षाचे मुख्यालय कोणत्या शहरात होते हेही त्यासोबत सांगावे.

पुन्हा कालव्यांकडे येतो, कारण एकोणिसाव्या शतकात त्यांच्या बाबतीत जे घडले ते मला सर्वांत बोलके वाटते. दुर्गंधी आणि रोगराईच्या नावाखाली, शिवाय रस्त्यांची गरज म्हणून, कालवे बुजवण्याची लाट आली. जुन्या गाभ्यातीलही काही कालवे तिच्यात गेले. पण योर्दानमध्ये १८५७ पासून एकामागून एक कालवे मातीखाली जात राहिले. रोझेनग्राख्त १८८९ मध्ये, लिंडेनग्राख्त १८९५ मध्ये. तीन मोठ्या कालव्यांचे वलय मात्र राहिले.

त्याच लिंडेनग्राख्तवर, तो बुजवण्याच्या नऊ वर्षे आधी, २५ जुलै १८८६ रोजी वस्तीतील लोक ‘ईल ओढण्याचा’ खेळ खेळत होते. पाण्यावर आडवा दोर, त्याला टांगलेला जिवंत ईल मासा, आणि होडीतून येऊन तो खेचून काढायचा. खेळ क्रूर होता आणि त्याला बंदी होती. पोलिसांनी दोर कापला, त्यातून दंगल पेटली, दुसऱ्या दिवशी लष्कर आले, गोळीबार झाला. २६ माणसे मेली. शांततेसाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातील हा कालवाकाठ आज साधा रुंद रस्ता आहे.

श्रीमंतांचे कालवेही आपोआप वाचले नाहीत. १९५४ मध्ये शहराच्या पोलीसप्रमुखाने, त्याचे नाव कासयाखर, मोटारींच्या सोयीसाठी अनेक कालवे बुजवण्याची योजना मांडली होती. तीव्र विरोध झाला आणि योजना बारगळली. ज्या दृश्याला आपण चारशे वर्षे अचल समजतो, ते सत्तर वर्षांपूर्वी वाहनतळ होण्याच्या बेतात होते. तेव्हा ‘इथे काळ थांबला आहे’ हे कोणत्या पुराव्यावर म्हणायचे?

‘सौंदर्याचा आस्वाद घेऊ द्या की, प्रत्येक ठिकाणी इतिहास कशाला?’ असे म्हणणारे या धाग्याखाली येतीलच. आस्वाद जरूर घ्या. क्लोव्हेनियर्सबुर्गवाल या कालव्यावरील ट्रिप बंधूंच्या वाड्यासमोर उभे राहा. १६६० ते १६६२ मध्ये बांधलेला तो अप्रतिम वाडा आहे. मग मान वर करून धुराडी पाहा. त्यांना उखळी तोफांचा आकार दिलेला आहे, कारण मालक शस्त्रांचे व्यापारी होते आणि त्यांनी ते लपवले नाही. जे त्यांनी दर्शनी भागावर कोरून ठेवले, ते पाहण्याची लाज आपण का बाळगावी?

वेंगुर्ल्याची डच वखार आजही उभी आहे, म्हणजे तिच्या भिंती उभ्या आहेत. छप्पर गेले आहे आणि दगडांत झाडे रुजली आहेत. तिथे शांतता मात्र भरपूर आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानाचे तिकीट परवडत नसेल, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने आधी कोकणातली एसटी धरावी.