एका गुणाचा हिशेब

आपल्या सातारा-सांगलीकडचा माणूस दोन गोष्टींवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही. एक साखर कारखान्याचा वजनकाटा आणि दुसरा कुस्तीतला पंच. उसाची गाडी काट्यावरून उतरली की शेतकरी पावती न्याहाळत एकदा तरी म्हणणारच, ‘काटा मारला!’ आणि कुस्ती गुणांवर सुटली की हरलेल्या पैलवानाच्या गावची मंडळी फेटे सावरत उठणार, ‘पंचानं कुस्ती खाल्ली!’ तक्रार दोन्हीकडे एकच आहे. माल आमचा, घाम आमचा, आणि आकडा मात्र तुमचा.

गेल्या काही वर्षांत ही तक्रार मैदानाबाहेर आली आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरची टांग मारली. पंचांनी चार गुण दिले. सिकंदरचे चाहते म्हणाले, तो पाठीवर पडलाच नव्हता, गुण दोनच हवेत. दोन की चार, एवढाच प्रश्न. पण त्यावर घराघरांत मोबाईलच्या पडद्यावर ती टांग थांबवून थांबवून पाहिली गेली आणि पंचांना धमकी दिल्याची तक्रार पोलिसांपर्यंत पोहोचली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीत पंचांनी राक्षेला चितपट ठरवले. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे त्याचे म्हणणे. वाद वाढला आणि दोन वेळचा महाराष्ट्र केसरी पंचांवर लाथ उगारून गेला. त्याच संध्याकाळी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड गुणावरून वाद घालून मैदान सोडून गेला. दोघांनाही तीन वर्षांच्या बंदीची शिक्षा सुनावली गेली.

लगेच सांगली जिल्ह्यातून जुनी जखम बोलू लागली. चंद्रहार पाटील हे २००७ आणि २००८ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी. २००९ साली तिसऱ्या गदेसाठी विकी बनकरशी झालेल्या लढतीत आपल्यावर अन्याय झाला, असे त्यांनी सोळा वर्षांनी पुन्हा सांगितले आणि दोन्ही गदा परत करण्याची भाषा केली. पंचांबद्दल ते जे बोलले ते रविवारच्या सकाळी इथे लिहावेसे वाटत नाही. पण सोळा वर्षे एक निकाल माणसाच्या छातीत ठसठसत राहतो, ही गोष्ट मात्र सोडून देण्याजोगी नाही.

हे आपल्याकडेच घडते असे कोणी समजू नये. १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलिफील्ड यांच्यात हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत झाली. बारा फेऱ्या, तीन पंच. एकाने लुईसला ११६-११३ असे जिंकवले, दुसऱ्याने होलिफील्डला ११५-११३, आणि तिसऱ्याने ११५-११५ अशी बरोबरी दिली. एकच लढत, तीन जोड्या डोळे आणि तीन निकाल! लढत बरोबरीत सुटली आणि जगभर गहजब झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोघे पुन्हा भिडले, लुईस जिंकला, तेव्हा कुठे तो वाद निवला.

त्याआधी १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला अंतिम फेरीत चांगलेच झोडपले, तरी पाच पंचांपैकी तिघांनी पार्कला विजयी ठरवले. गंमत अशी, की स्पर्धेतील सर्वोत्तम बॉक्सर म्हणून पुरस्कार मिळाला तो हरलेल्या जोन्सला. या प्रकारानंतर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून यंत्र आले. पंचांनी ठोसा दिसला की बटण दाबायचे. मग लोक म्हणू लागले, हे बॉक्सिंग नव्हे, बटणांचा खेळ झाला. २०१२ नंतर ते यंत्रही गेले, आणि २०१६ ला रिओमध्ये पुन्हा ओरड झालीच. तात्पर्य, नुसते यंत्र आणून भांडण मिटत नाही.

आपल्या भागातल्या भांडणाला आणखी एक मूळ आहे. आपली नजर घडली ती जत्रेच्या फडात. पुसेगावची यात्रा असो, औंध असो की कुंडलचे मैदान. तिथे कुस्ती निकाली व्हायची. पाठ मातीला लागली, आभाळ दिसले, की संपले. हलगी थांबायची, विजयी गडी खांद्यावर चढायचा. निकाल लागलाच नाही तर पंच दोघांचे हात धरून कुस्ती बरोबरीत सोडवायचे. म्हणजे निकाल सगळ्या मैदानाला दिसायचा, पंच फक्त तो उच्चारायचा.

गुणांच्या कुस्तीत उलटे आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन गुण. उभ्याने टाकून थेट पाठीवर, म्हणजे धोक्याच्या स्थितीत आणले तर चार. वर्तुळाबाहेर ढकलले तर एक. दहा गुणांचा फरक पडला की लढत तिथेच थांबते. गुण सारखे झाले तर मोठा डाव कोणाचा, ताकीद कोणाला, शेवटचा गुण कोणाचा, हे पाहायचे. कुस्तीची अंगे अनेक असतात, तेव्हा हा हिशेब वाजवीच आहे. पण तो गॅलरीतून दिसत नाही. पाठ आणि गादी यांच्यातला कोन दोन हातांवरच्या पंचाला एक दिसतो आणि शंभर हातांवरच्या गावकऱ्याला वेगळाच.

एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलात महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने पिछाडीवरून येऊन विशाल बनकरला ५-४ असे हरवले. एका गुणाने गदा! बाहेर पडताना माझ्याबरोबर खटावकडचे एक म्हातारे शेतकरी चालत होते. म्हणाले, “एका गुनानं गदा गेली व्हय? अवो, पाठ तर कुनाचीच लागली न्हाई!” मी त्यांना नियम सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “आसंल. पन मग ते भोंग्यावरनं सांगत का न्हाईत?”

त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नात मला सगळे उत्तर सापडले. मी आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत काढली. सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या शाखेत असताना हळदीचे व्यापारी आणि शेतकरी रोज काउंटरवर यायचे. ‘साहेब, खात्यातनं पैसे गेले!’ म्हणून आरडाओरडा करत आलेला माणूस आम्ही कधी दरडावून गप्प केला नाही. लेजर काढायचे, नोंद दाखवायची, व्हाउचर पुढे ठेवायचे. त्यावर त्याचीच सही असायची. पाच मिनिटांत आवाज खाली यायचा आणि चहा मागवला जायचा. आकड्यावर माणसाचा राग नसतो. आकडा कुठून आला हे न सांगणाऱ्यावर असतो. आणि बँकेत एकाने लिहिलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याशिवाय पक्की होत नाही, ती कोणावर अविश्वास म्हणून नव्हे. माणसाच्या डोळ्याला चूक होणारच, हे गृहीत धरून.

कुस्तीच्या गादीवरही तीन पंच असतात ते याचसाठी. पैलवानाच्या कोपऱ्यातून आव्हान देऊन चित्रण पुन्हा पाहण्याची सोयही नियमांत आहे. मग उरते काय? उरते ती नोंद सगळ्यांपुढे वाचून दाखवण्याची तयारी. ‘लाल चार, टांग उभ्याने, पाठ धोक्यात,’ एवढे पाच-सहा शब्द ध्वनिक्षेपकावरून सांगायला कितीसा वेळ लागतो? चित्रण मोठ्या पडद्यावर सर्वांना दाखवायला काय हरकत आहे? वादग्रस्त गुणपत्रिका दुसऱ्या दिवशी कारणांसह प्रसिद्ध केली तर पंचाचा मान कमी होणार नाही, वाढेल. आणि तक्रारीसाठी एक खिडकी हवी. जिथे अर्ज घेतला जाईल, पोच मिळेल आणि ठरलेल्या दिवसांत उत्तरही मिळेल.

कारण ही खिडकी नसली तर काय होते, आणि असली तर काय होऊ शकते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या निवडीत आपल्याला निरंजन दासपेक्षा मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. एकच गुण! ते पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागायला गेले. कुस्ती पुन्हा लावली गेली आणि खाशाबांनी दासला चितपट केले. मग पैशांची ओढाताण. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. उभे आयुष्य गहाणखते वाचण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला हे गहाणखत सर्वांत मोठे वाटते. खाशाबा हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथेही जपानच्या इशीशी दीर्घ लढत झाल्यावर हक्काची विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले, आणि त्यांच्या बाजूने बोलायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता.

खाशाबांच्या वेळी दाद ऐकणारा एक राजा भेटला, हे नशीब. आजच्या पोराने नशिबावर का अवलंबून राहावे? लाथ मारणे चूकच. त्याला कोणतीही सबब नाही, कारण पंच घाबरला तर पुढचा निकाल दांडग्याच्या बाजूने लागेल आणि गरिबाच्या पोराला तालमीत जागाच उरणार नाही. पण शिक्षा देऊन झाल्यावर प्रश्न संपला असे मानणेही तितकेच चूक आहे. तालमीतल्या पोरामागे बापाने विकलेली म्हैस असते, आईने मोडलेला डाग असतो, दहा-बारा वर्षांचा दूध-बदामाचा खुराक असतो. गदा मिळाली तर सरकारी नोकरीची आशा. हुकली तर पुढच्या वर्षी गुडघा साथ देईल की नाही, सांगता येत नाही. एवढा संसार ज्या एका गुणावर टांगलेला आहे, त्या गुणाचे कारण विचारण्याचा हक्क त्याला नको?

आणि आपण प्रेक्षक? आपलाही हिशेब मांडायला हवा. आपल्या तालमीचा पैलवान हरला की पंच विकला गेला आणि जिंकला की पंच देवमाणूस, हा आपला खाक्या. त्या टांगेचे चित्रण आपण शंभर वेळा पाहतो, पण नियम एकदाही वाचत नाही. हरलेल्या पोराला ‘तुझ्यावर अन्याय झाला’ असे चार गावांनी रोज सांगितले, की तो सरावाकडे नव्हे, सुडाकडे वळतो. सिकंदर शेखचे वेगळे झाले. त्याच २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फुलगावला तो पुन्हा उतरला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत शिवराज राक्षेला चितपट करून महाराष्ट्र केसरी झाला. त्या दिवशी दोन की चार असे कोणी विचारले नाही.

पण प्रत्येकाला अशी दुसरी संधी मिळत नाही, आणि प्रत्येक कुस्ती निकाली होत नाही. म्हणून पहिल्याच वेळी हिशेब उघडा असायला हवा. पंचाने गुण द्यावा, कारण सांगावे, आणि हरलेल्या पैलवानाला निदान आपण नेमके कुठे हरलो हे कळून घरी जाता यावे. एवढे झाले तर तो उद्या पहाटे चारला पुन्हा लांग कसून तालमीत उतरेल.