युनिटाला चारशे रुपये



मागच्या पावसाळ्यात आमच्या भागात सलग चार दिवस लाइन नव्हती. जंगलातून येणाऱ्या तारेवर सागाचे झाड पडले, ते कुठे पडले हे शोधण्यातच दोन दिवस गेले. लाइनमनला दोष देत नाही. वाघाच्या जंगलात, पावसात, एकट्याने तार तपासत फिरायला मी तरी गेलो नसतो. चौथ्या दिवशी मोठ्या रस्त्यावरच्या पानठेल्याजवळ गेलो, तर फळीवर तीस-पस्तीस मोबाइल ओळीने मांडलेले. मागे ट्रॅक्टरची बॅटरी आणि जुना इन्व्हर्टर. प्रत्येक मोबाइलला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर मालकाचे नाव आणि गाव. दर दहा रुपये.

ठेलेवाल्यावर माझा राग नाही. त्याने बॅटरी लावली, डिझेल जाळले, त्याचे दाम घेतले. पण ज्याच्या खिशातून दहा रुपये गेले, त्याचाही हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

आजच्या साध्या मोबाइलची बॅटरी पाच हजार एमएएचची असते. म्हणजे ती भरायला १९ वॉट-तास वीज लागते. चार्जरमधली गळती धरून २५ धरा. एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. तेव्हा एका युनिटात चाळीस मोबाइल भरतात आणि चाळीस गुणिले दहा होतात चारशे रुपये. जे युनिट घरगुती बिलात, पहिल्या शंभर युनिटांपर्यंत, स्थिर आकार सोडला तर दहा रुपयांच्या आत पडते, ते आपण चारशेला घेतो. आणि त्यासाठी आठ-दहा किलोमीटर चालत जातो ते वेगळेच.

ही वीज तयार कुठे होते? आपल्याच जिल्ह्यात. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. सगळे संच पूर्ण ताकदीने चालले तर एका सेकंदात आठशेच्या वर युनिटे निघतात. एका सेकंदात बत्तीस हजार मोबाइल भरतील एवढी! कोळसा आपल्या जमिनीखालचा, पाणी इरई धरणाचे, राख आणि धूर आपल्या वाट्याला. तारा मात्र आपल्या शेतांच्या डोक्यावरून पुढे निघून जातात.

२०१८ च्या एप्रिलमध्ये देशातल्या प्रत्येक गावात वीज पोहोचल्याचे सरकारने जाहीर केले. गावातल्या शंभरातल्या दहा घरांत आणि शाळा-पंचायतीसारख्या जागी वीज आली की ते गाव कागदावर उजळते. ती वीज दिवसातून किती तास राहते, हा प्रश्न त्या व्याख्येत नाही.

कुणी शहाणा म्हणेल, चार दिवस मोबाइल बंद राहिला तर काय बिघडले? गाणी नाही ऐकली एवढेच. तीस वर्षांपूर्वी हे खरे होते. तेव्हा बॅटरीचे सेल संपत आले की आपण ते उन्हात ठेवायचो, पुन्हा घालायचो, आणखी दोन रात्री काढायचो. सेल संपले तर रेडिओ बंद पडायचा, सातबारा बंद पडत नव्हता.

आता सातबाऱ्यावर पीक चढवायचे तर मोबाइल लागतो. २०२१ च्या ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पराटीचा फोटो काढायचा. खरिपाची ही पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे नेमकी तारांवर झाडे पडायच्या दिवसांत. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा, तर ओटीपी मोबाइलवर येणार. पीएम-किसानच्या केवायसीचेही तेच. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून विक्रीचा दिवस ठरवून घेणे सक्तीचे झाले. लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये जाहीर झाला, पण त्या भावाचे दार मोबाइलमधून उघडते. आमच्या शेजाऱ्याचा मोबाइल ऐन नोंदणीच्या दिवसांत दोन दिवस मेलेला होता. चालू करून बघतो तर जवळचे सगळे दिवस भरलेले. घरात लग्नाची देणी होती. कापूस खेडा खरेदीवाल्याच्या गाडीत, तो म्हणेल त्या भावाने गेला. म्हणजे दहा रुपयांची चार्जिंग त्याला किती रुपयांना पडली ते तुम्हीच काढा.

पैशाचे सोडा. जागलीचे काय? रानडुकरे आणि रोही ज्वारीचे कणीस ठेवत नाहीत, म्हणून रात्री मचाणावर बसावे लागते. हातात बॅटरी, खिशात मोबाइल, आणि आजूबाजूला वाघ. उजेड गेला तर खाली उतरायचे कसे, आणि काही झाले तर गावाला कळवायचे कसे? ज्यांच्याकडे झटका मशीन आहे, त्यांना त्याच बॅटरीवर मोबाइल लावायचा मोह होतो. तसे करू नका. रात्रीत बॅटरी बसली की कुंपण मेले आणि सकाळी शेत साफ. आणि थेट लाइनची तार कुंपणाला जोडणे तर अजिबात नको. त्याने वाघ मरतो, शेजाऱ्याचा पोरगाही मरतो.

त्यापेक्षा घरातलीच एक वस्तू बघा. बॅटरीवरचा फवारणी पंप बहुतेक कापूसवाल्यांकडे आहे. त्यात साधारण १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते. तिच्यात ९६ वॉट-तास. शिशाची असेल तर निम्म्याखाली उतरवू नये, नाहीतर लवकर मरते. उरलेल्या निम्म्यात दोन मोबाइल भरतात. फक्त वायर थेट लावू नका. मोबाइलला ५ व्होल्ट लागतात, १२ दिले तर जळेल. चारचाकीत लावायची चार्जिंगची पिन मधे घाला. हंगाम संपला की हा पंप आपण माळ्यावर टाकतो आणि जूनमध्ये बॅटरी मेलेली सापडते. महिन्याला एकदा चार्ज केली तर टिकते. २० वॉटचे पॅनल घेतले तर कार्तिकातल्या उन्हात दिवसाला दोन-तीन मोबाइल भरतात, श्रावणात एक भरला तरी खूप. तेलंगणात मिरची तोडायला किंवा तेंदूच्या फडीवर मुक्कामाला जाणाऱ्यांनी दहा घरांत मिळून एक न्यावे.

पण ही आपली जुळवाजुळव झाली. सरकारचे काय? साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत झाली. सौर पंप मिळतो, पण आधी विहीर किंवा बोअर पाहिजे. ज्याच्याकडे पाणी नाही, त्या कोरडवाहूच्या वाट्याला यातले एक युनिटही नाही. पॅनल फुकट द्या असे मी म्हणत नाही. फुकटात आलेले सौर दिवे दोन-तीन वर्षांत बॅटरी मरून गावोगाव खांबावर नुसते लटकताना आपण पाहिले आहेत. पण सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवर ५ टक्के आणि बॅटरीवर १८ टक्के जीएसटी आहे, याचा अर्थ काय लावायचा? ऊन दिवसा, गरज रात्री. बॅटरीवाचून पॅनल म्हणजे बैलावाचून वखर.

भामरागडच्या लोकांना हे सांगावे लागत नाही. पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटतो, लाइन जाते, टॉवरच्या बॅटऱ्याही काही तासांनी बसतात आणि तालुका जगापासून वेगळा पडतो. हातातला मोबाइल भरलेला असला तरी तो बोलणार कुणाशी? तारीख मात्र मुंबईत ठरलेली असते, ती पुरासाठी थांबत नाही. वीज गेल्याची तक्रारही १९१२ वर करायची, म्हणजे पुन्हा मोबाइलवरच.

म्हणून जिल्हा बैठकीत मी हा ठराव मांडणार आहे. मोबाइलची सक्ती असलेल्या प्रत्येक कामाला ग्रामपंचायतीत कागदी अर्जाची सोय असावी आणि त्याची पोच मिळावी. ज्या महसूल मंडळात लाइन बंद राहिली, तिथे तितके दिवस मुदत आपोआप वाढावी. खरेदी केंद्रावर ठरलेला दिवस हुकलेल्यासाठी आठवड्यातून एक दिवस राखून ठेवावा. आणि बॅटरीवरचा कर पॅनलइतकाच करावा.

ठरावाला पुरावा लागेल. येताना आपापल्या गावात मागच्या तीन महिन्यांत कोणत्या तारखांना किती तास लाइन नव्हती, ते वहीच्या पानावर लिहून आणा. कागदावरच आणा, मोबाइलमध्ये नको.