माया आणि करार

एखाद्या स्त्रीने मोठ्या उद्योगाची सूत्रे हाती घेतली, की तिच्या कर्तृत्वाचे गोडवे गायले जातात. तिच्या हाताखाली राबणाऱ्यांचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील साऊथवेस्ट या विमान कंपनीच्या माजी अध्यक्ष कोलीन बॅरेट यांच्याबाबत हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. कारण त्यांनी स्वतःच कर्मचाऱ्याला पहिले स्थान दिले होते.

१९४४ साली व्हर्मांट राज्यात जन्मलेल्या बॅरेट या हर्ब केलेहर या वकिलाच्या कचेरीत सेक्रेटरी होत्या. केलेहर हे साऊथवेस्टचे एक संस्थापक. १९७८ मध्ये बॅरेट त्या कंपनीत आल्या आणि २००१ मध्ये अध्यक्ष झाल्या. अमेरिकेतील मोठ्या विमान कंपनीत हे पद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचा क्रम ठरलेला होता: आधी कर्मचारी, मग प्रवासी, शेवटी भागधारक.

या तत्त्वाची कसोटी त्याच वर्षी लागली. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर युनायटेड व अमेरिकन या कंपन्यांनी प्रत्येकी सुमारे वीस हजारांची कपात जाहीर केली. बॅरेट आणि मुख्याधिकारी जेम्स पार्कर यांच्या साऊथवेस्टने एकालाही घरी पाठविले नाही. विशेष म्हणजे या कंपनीतील बहुसंख्य कर्मचारी कामगार संघटनांचे सभासद होते. संघटना आल्या की धंदा बुडतो, असे सांगणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते?

परंतु कथा येथे संपत नाही. बॅरेट २००८ मध्ये अध्यक्षपदावरून दूर झाल्या आणि एप्रिल २०२४ मध्ये निवर्तल्या. त्याच वर्षी एलियट या गुंतवणूक संस्थेने कंपनीचे भाग मोठ्या प्रमाणावर खरेदी करून संचालक मंडळात आपल्या पसंतीची माणसे आणली. नफा घटला होता, हे खरे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने सुमारे १,७५० पदे रद्द केली. कंपनीच्या इतिहासातील ही पहिली मोठी कपात होती. पहिल्या स्थानावरचा कर्मचारी शेवटी गेला आणि शेवटचा भागधारक पहिल्या स्थानी आला.

आता एक गोष्ट नीट पाहावी. ही कुऱ्हाड प्रामुख्याने मुख्य कार्यालयातील पदांवर कोसळली. वैमानिक, हवाई सेवक, यंत्रकामगार यांच्यापाशी संघटनेचे लेखी करार होते. कार्यालयातील बहुतेकांपाशी केवळ कंपनीची परंपरा होती.

बॅरेट यांची आस्था ढोंगी होती असे कोणी म्हणू नये. सेक्रेटरीच्या टेबलावरून वर गेलेली ही स्त्री ते टेबल विसरली नाही, हे दुर्मीळच. परंतु सज्जन माणसाची माया त्या माणसाबरोबर जाते. मालकी ज्याच्या हाती, अखेरचा शब्द त्याचाच. म्हणूनच चांगला व्यवस्थापक लाभलेला काळ हा विसाव्याचा नव्हे. त्याच्या सद्भावनेचे कलमांत रूपांतर करून घेण्याचा तो काळ असतो.