ग्रामसभेच्या नकाराला किंमत किती?



शाश्वत विकासाच्या चर्चेत आदिवासी जीवनदृष्टीचा गौरव नागपूरच्या व्यासपीठांवरूनही नेमाने होतो. मात्र ती दृष्टी ग्रामसभेचा ठराव होऊन खाणीच्या आड येते, तेव्हा गौरव करणारे बहुधा गप्प राहतात.

माडिया गोंडांच्या गावांत पंडुम, म्हणजे नव्या फळा-धान्याचा सण, होईपर्यंत ते फळ खाल्ले जात नाही; फळ पिकायला त्यामुळे अवधी मिळतो आणि बंधन साऱ्या गावाचे असल्याने त्याला पहारेकरी लागत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे हीच सामूहिकता कारभारात उतरली असून तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे पारंपरिक जंगलाच्या वापराचा, रक्षणाचा व व्यवस्थापनाचा अधिकार, सुमारे १,८०० हेक्टरांवर मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडले, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचा निर्णय तर अधिक बोलका आहे: कोवळ्या पानांसाठी झुडपे छाटली जातात व आगी लावल्या जातात, म्हणून त्या ग्रामसभेने तेंदूपानाच्या रोख उत्पन्नावरच पाणी सोडले. इतका संयम एखाद्या महामंडळाने दाखवल्याचे उदाहरण सहज सापडणार नाही.

ग्रामसभाही ठेकेदारांच्या दबावाला बळी पडतात आणि स्त्रियांचा आवाज तेथे अनेकदा दबतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु त्यावरून ग्रामसभा सुधारण्याची गरज सिद्ध होते, तिला वगळण्याची नव्हे. खाणीतून रोजगार मिळतो, हा युक्तिवादही अपुरा आहे, कारण बांबूच्या तोडणी-विक्रीतून याच गावांनी मजुरी निर्माण केली आहे.

ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांपुढे ठेवला. बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो मानला गेला. याउलट गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान असून तेथील लोहखनिज उत्खननाला परिसरातील ग्रामसभांनी विरोध नोंदवलेला असतानाही उत्खनन मात्र वाढत गेले. गडचिरोलीला पोलाद केंद्र बनवू पाहणाऱ्या शासनाने प्रत्येक प्रकल्प-प्रस्तावाला बाधित ग्रामसभांचे मूळ ठराव जोडून ते नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावेत, आणि ठराव नकाराचा असेल तर प्रस्ताव तेथेच थांबवावा.

— एक वाचक, नागपूर