दोष हाताचा की गोळीचा?

रियाध शहराच्या बत्हा भागात केरळी, बंगाली, नेपाळी आणि फिलिपिनो दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. त्या गर्दीत आमच्या ओळखीच्या एका मराठी शिंप्याचे लहानसे दुकान आहे. मास्टर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. आम्ही मॉरिशसहून येथे नोकरीला आल्यापासून दर शुक्रवारी, म्हणजे सुटीच्या दिवशी, त्यांच्याकडे चहा घेतो आणि आठवडाभराचे मराठी बोलून घेतो. १ ऑगस्ट २०२४ हा दिवस मात्र गुरुवार होता. तरीही आम्ही रजा टाकून सकाळी साडेदहाला दुकानात हजर झालो. मास्टरांनी मशीन थांबवले होते आणि मोबाइल कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला होता.

त्या वेळी फ्रान्समधील शातोरू येथे पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकाराची अंतिम फेरी चालू होती. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे गाव आहे. तेथला स्वप्नील कुसाळे आधी गुडघा टेकून, मग पालथे पडून आणि शेवटी उभा राहून नेम धरत होता. शेवटी ४५१.४ गुणांनी त्याने कांस्यपदक घेतले. १९५२ साली हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. दुकानात पेढे नव्हते, म्हणून समोरच्या दुकानातून खजूर आणून वाटले.

खजूर खाता खाता मास्टरांनी विचारले, "अहो, गोळ्या तर सगळ्या कारखान्यातून सारख्याच येत असतील ना? मग खेळ काय तो हाताचाच." प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर आपल्या समाजाला कळले पाहिजे असे आम्हाला वाटते, म्हणून हा लेख.

गोळ्या सारख्या नसतात, हे पहिले उत्तर. या स्पर्धेत जी रायफल वापरतात तिला पॉइंट टू-टू म्हणतात. तिचे काडतूस अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ साली आणले. आपले पूर्वज मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबत होते तो हा काळ. या काडतुसाला रिमफायर म्हणतात, कारण ठिणगी देणारा मसाला त्याच्या पितळी पुंगळीच्या तळाच्या कडेत भरलेला असतो. रायफलचा खिळा त्या कडेवर आदळला की मसाला पेटतो, आतली दारू पेटते आणि सुमारे अडीच ग्रॅमची शिशाची गोळी निघते.

मोठ्या रायफलीच्या काडतुसात हा मसाला तळाच्या मध्यभागी वेगळ्या टोपीत असतो. वापरलेली टोपी काढून नवी बसवता येते. त्यामुळे मोठ्या रायफलीचा नेमबाज घरी बसून, दारू कमी-जास्त करून, आपल्या रायफलला मानवेल असे काडतूस स्वतः भरू शकतो. पॉइंट टू-टूच्या नेमबाजाला ती सोय नाही. कारखान्यातून जे येईल तेच वापरायचे. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे अनेक प्रकारच्या गोळ्या आपल्याच रायफलमधून झाडून पाहणे आणि त्यांतली सर्वांत चांगली निवडणे.

चांगली म्हणजे किती चांगली? ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर रुंद असते. प्रत्येक वर्तुळाची रेषा पुढच्या रेषेपासून ८ मिलिमीटरवर असते. स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने जाते. हा वेग आवाजाच्या वेगापेक्षा मुद्दामच कमी ठेवलेला असतो. त्याहून वेगाने निघालेली गोळी वाटेत मंदावून आवाजाच्या वेगाखाली येते, तेव्हा तिला हिसका बसतो आणि ती डळमळू शकते. आता एका गोळीचा वेग सेकंदाला १० मीटरने कमी भरला असे धरा. ५० मीटरपर्यंत जाताना ती सुमारे ७ मिलिमीटर अधिक खाली उतरेल. म्हणजे नेमबाजाने काहीही चूक केलेली नसताना जवळजवळ एक गुण गेला.

म्हणूनच चांगले कारखाने प्रत्येक खोक्यावर लॉटचा क्रमांक छापतात. त्याच यंत्रावर, त्याच नावाने, पण वेगळ्या दिवशी भरलेला लॉट थोडा वेगळा निघतो. शिवाय प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या दोन रायफलींपैकी एकीला जो लॉट मानवतो तो दुसरीला मानवेलच असे नाही. सर्वांत महाग खोका सर्वांत अचूक ठरेल याचीही खात्री नसते. नळीत घालून झाडल्याशिवाय हे कोणालाच सांगता येत नाही.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळची एली आणि जर्मनीत शोनेबेक येथे पॉइंट टू-टूच्या गोळ्या बनवणारी लापुआ अशा कंपन्यांनी यासाठी खास बंदिस्त रेंज बांधल्या आहेत. नेमबाज आपली रायफल घेऊन तेथे जातो. रायफल लोखंडी शिकंजात घट्ट आवळतात, म्हणजे माणसाचा श्वास, खांदा, बोट यांचा संबंधच उरत नाही. मग एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि त्यांची भोके किती जवळ पडली ते यंत्राने मोजतात. जो लॉट सर्वांत घट्ट गट देतो, त्याची हजारो काडतुसे नेमबाज एकदम विकत घेतो आणि मोठ्या स्पर्धेसाठी जपून ठेवतो.

ज्याला जर्मनीचे तिकीट परवडत नाही त्यालाही काही करता येते. वारा नसलेल्या दिवशी, परवाना असलेल्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवायची. प्रत्येक लॉटच्या गोळीवरचे मेण नळीत बसते, म्हणून लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरायच्या नाहीत. मग दहा-दहा गोळ्यांचे पाच गट घ्यायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. तीन गोळ्या एका भोकात गेल्या म्हणून नाचायचे नाही, कारण तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. चार लॉट तपासायला दोनशे गोळ्या आणि वर नळी बसवायला थोड्या लागतात. स्पर्धेची प्राथमिक फेरी साठ गोळ्यांची असते. म्हणजे साडेतीन फेऱ्यांइतक्या गोळ्या केवळ तपासणीत जातात.

आमचा मुद्दा येथूनच सुरू होतो. भारतात स्पर्धेच्या या गोळ्या परदेशातून मागवाव्या लागतात. त्या महाग पडतात आणि त्यांना परवाने लागतात. खेड्यातून आलेला मुलगा किंवा मुलगी मिळेल तो खोका घेते आणि त्यातली प्रत्येक गोळी सरावासाठी राखून ठेवते. तपासणीत दोनशे गोळ्या घालवणे त्यांना पाप वाटते. मग लक्ष्यावर दहाऐवजी नऊ पडू लागतात. मूल काय समजते? आपला हात वाईट आहे. आपण रात्री नीट झोपलो नाही. आपल्यात तेवढी कुवत नाही. वडीलधारी माणसेही तेच म्हणतात. न तपासलेल्या गोळीचा दोष मूल स्वतःच्या माथी घेते आणि एक दिवस रायफल ठेवून देते. अशी किती मुले गेली याची नोंद कोठेही होत नाही.

यावर कोणी म्हणेल, नाचता येईना अंगण वाकडे. खरा नेमबाज कोणत्याही गोळीने नेम साधतो. हे म्हणणे आम्हाला पूर्ण खोटे वाटत नाही. ज्याचा हातच स्थिर नाही त्याला जगातली उत्तम गोळीही तारणार नाही. पण अंगण खरोखर वाकडे आहे की नाही, हे एकदा दोरी लावून पाहायला काय हरकत आहे? तपासणी ही सबब शोधण्यासाठी नसते. उलट, गोळी चांगली आहे हे एकदा सिद्ध झाले की नेमबाजाला सबब उरत नाही. मग नऊ पडले तर तो मुकाट्याने आपल्या हाताकडे पाहतो आणि सुधारतो. तपासणीने हात आणि गोळी या दोघांनाही न्याय मिळतो.

आणि हा न्याय किती बारीक असतो ते पाहा. २०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा जयदीप कर्माकर पालथ्या नेमबाजीत चौथा आला. त्याचे पदक १.९ गुणांनी हुकले. त्याच प्रकारात त्याच्या दोन वर्षे आधी, २०१० साली, कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली होती. इतक्या उंचीवर माणसे एक-दोन गुणांनी मोठी होतात किंवा विसरली जातात.

स्वप्नीलला पदक मिळाले तेव्हा राज्य सरकारने एक कोटी रुपये जाहीर केले, रेल्वेने बढती दिली. हे योग्यच झाले. त्यात एक रुपयाही कमी व्हावा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पदक मिळाल्यावर दिलेल्या पैशाने पुढचा नेमबाज घडत नाही. तो चौदा-पंधरा वर्षांचा असताना, त्याचे नाव कोणालाही ठाऊक नसताना, तपासलेल्या गोळ्यांची चार खोकी त्याला कोण देतो हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते प्रत्येक जिल्ह्याच्या रेंजवर रायफल आवळण्याचा एक शिकंजा असावा, आणि होतकरू मुलांना वर्षातून एकदा तपासणीपुरत्या गोळ्या फुकट मिळाव्यात. एका मोठ्या सत्काराच्या खर्चात असे बरेच काही होईल.

हे आपल्या बेटावरच्या कुटुंबांना कशाला सांगता, असे कोणी विचारील. सांगतो, कारण आपल्याकडेही चाल तीच आहे. मुलाने किंवा मुलीने नाव काढले की सभागृह भरते, शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात, फोटो निघतात. २०१९ साली हिंद महासागरातील बेटांचे खेळ आपल्याच देशात झाले, तेव्हा विजेत्यांच्या गळ्यात किती हार पडले ते आपण पाहिले. पण सरावाच्या वर्षांत त्या मुलांच्या पायातले बूट मापाचे होते का, हे विचारणारे किती होते? सत्काराच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून तो सरावाच्या साधनांना आणि ती साधने त्या मुलाला मानवतात का हे पाहायला द्यावा, एवढेच आमचे आपल्या मंडळांना सांगणे आहे. मूल मागे पडले तर त्याला बोल लावण्याआधी त्याच्या हाती काय दिले होते ते तपासावे.

हे सगळे आम्ही मास्टरांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आत बोलावले. त्याच्या खांद्यावर टेप धरत ते आम्हाला म्हणाले, "खरे आहे तुमचे. माप न घेता सदरा शिवायचा आणि तंग झाला की गिऱ्हाइकाला जाडा म्हणायचे, असे मी केले असते तर बत्ह्यात दुकान टिकले नसते."