केबलचे पैसे आणि घराची बरकत

दूरचित्रवाणी पाहावी की पाहू नये, हा वाद या पानाचा नाही. तो वाद घरोघरी झाला आहे, पुढेही होत राहील. हे व्यापार-उदिमाचे पान आहे आणि येथे प्रश्न एवढाच, की दर महिन्याला घरातून जाणारी ही रक्कम कशाची, ती कोणाकडे जाते आणि ती वाचवता येते काय? किराण्याच्या यादीत साखर पाव किलो कमी करणारा गृहस्थ केबलच्या पावतीकडे पाहतही नाही, ही आश्चर्याची गोष्ट आहे. त्या खर्चाकडे लक्ष वेधण्यासाठी हा लेख.

आमचे कारंजा म्हणजे घाडगे यांचे कारंजा. वाशीम जिल्ह्यातील लाडांचे कारंजा वेगळे. नागपूर-अमरावती महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. संत्रा, कापूस आणि सोयाबीन यांवर येथील बाजार चालतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की कापडवाला, किराणावाला, शिंपी, मिस्त्री, बेकरीवाला या साऱ्यांच्या गल्ल्यात तो फिरतो. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे विकले जाते, कापूस त्यानंतर. संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्यात निघतो, मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे पैसा येतो वर्षातून दोन-तीनदा. केबलचे, डिशचे आणि मोबाईलचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला, रोखीने आणि आगाऊ द्यावे लागतात. श्रावण-भाद्रपदात, जेव्हा घरात दमडी नसते आणि किराणा उधारीवर चालतो, तेव्हाही रिचार्ज रोखीनेच होते. किराणा दुकानदाराने आपल्या उधारीच्या वहीकडे या नजरेने एकदा पाहावे. ज्या घराची बाकी वाढत चालली आहे, त्या घरावर डिशची छत्री आहे आणि ती चालू आहे. आपली उधारी थांबते, वाहिनीची थांबत नाही. कारण वाहिनी उधारी देतच नाही!

आता हिशेब मांडू. एकेकाळी रेडिओ आणि टी.व्ही. या दोहोंचा परवाना पोस्टात काढावा लागे. ती फी ऐंशीच्या दशकात रद्द झाली आणि काही वर्षे दूरदर्शन खरोखर फुकट होते. १९९१ मध्ये स्टार आणि १९९२ च्या ऑक्टोबरात झी आली, गल्लोगल्ली केबलच्या तारा पसरल्या आणि केबलवाला पोरगा महिन्याकाठी दार ठोठावू लागला. त्यानंतर छत्र्या आल्या. २०१२ मध्ये मुंबईसारख्या महानगरांपासून सुरू झालेली सेट-टॉप बॉक्सची सक्ती २०१७ च्या मार्चअखेर खेडोपाडी पोहोचली. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धत लागू केली. ग्राहकाने हवी ती वाहिनी निवडावी, जी पाहतो तिचेच पैसे द्यावे, असा तिचा हेतू सांगितला गेला. हेतू चांगला होता. परंतु फॉर्म भरला कोणी? मुदत ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवावी लागली आणि ज्यांनी निवड केली नाही त्यांना कंपनीनेच 'योग्य' पॅक लावून द्यावा, असे ठरले. बहुतेकांच्या घरी आजही दुसऱ्यानेच ठरवलेला पॅक चालू असावा, अशी आमची समजूत आहे.

त्या पद्धतीनुसार नुसत्या जोडणीचे १३० रुपये ठरले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. हे पैसे कशाचे? ज्या वाहिन्या मुळात नि:शुल्क आहेत त्या तुमच्या घरापर्यंत आणून देण्याचे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर वेगळे. पॅकमध्ये घालावयाच्या वाहिनीची किंमत जास्तीत जास्त १९ रुपये असावी, अशी मर्यादा २०२२ च्या नोव्हेंबरात घातली गेली. समजा, एका घराने १९ रुपयांच्या पाच वाहिन्या सुट्या घेतल्या. १३० अधिक ९५ म्हणजे २२५ आणि कर धरून २६५ रुपये ५० पैसे. वर्षाचे झाले ३,१८६ रुपये. जोडणीच्या १३० रुपयांवरची कमाल मर्यादाही ट्रायने जुलै २०२४ मध्ये काढून टाकली, तेव्हा हा आकडा कमीत कमी धरावा. घरात दोन संच असतील तर बोलायलाच नको.

विजेचाही हिशेब करावा. ३२ इंची एलईडी संच साधारण ५० वॉटचा. रोज सहा तास चालला तर महिन्याला ९ युनिट. त्याच्या शेजारी बसलेला डबा भिंतीवरचे बटण बंद न केल्यास चोवीस तास चालतो. तो १० वॉटचा धरला तरी ७ युनिट. एकूण १६. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटपर्यंतचा दर आणि त्यापुढचा दर यांत मोठी तफावत आहे. पुढचा दर जवळपास दुप्पट पडतो. ज्याचे बिल ११०-११५ युनिटांवर रेंगाळते, त्याची वरच्या दराची सारी युनिटे या एका कोपऱ्यातून येतात. संच ठेवणाऱ्यांनीही निदान रात्री भिंतीवरचे बटण बंद करावे. रिमोटने संच झोपतो, डबा झोपत नाही.

बरे, हे २६५ रुपये जातात कुठे? व्यापाऱ्याने नेहमी हा प्रश्न विचारावा. ट्रायच्या नियमांत जोडणी शुल्काची वाटणी आहे: मोठ्या केबल कंपनीशी वेगळा करार नसेल तर कंपनीला ५५ टक्के आणि गावातल्या केबलचालकाला ४५ टक्के. सशुल्क वाहिनीच्या किमतीतील निदान २० टक्के वितरणासाठी सुटतात आणि त्यांचीही वाटणी याच प्रमाणात. आता वरच्या उदाहरणाला हे लावा. १३० मधले ५८ रुपये ५० पैसे आणि ९५ वरच्या १९ रुपयांतले ८ रुपये ५५ पैसे, म्हणजे सुमारे ६७ रुपये गावच्या केबलचालकाचे. सुमारे ८२ रुपये मोठ्या केबल कंपनीचे, ७६ वाहिन्यांचे आणि साडेचाळीस सरकारचे. थोडक्यात, चार रुपयांतला एक रुपया कारंजात राहतो आणि तीन रुपये गावाबाहेर जातात. छत्री असेल तर तेवढेही नाही. रिचार्ज करून देणाऱ्या दुकानदाराचे कमिशन तेवढे गावात उरते. हजार घरांनी वर्षाला ३,१८६ रुपये दिले तर ३१ लाख ८६ हजार होतात. त्यातले सुमारे आठ लाख गावात, बाकी बाहेर. तीच रक्कम गावातल्या कापडावर, भांड्यांवर, मुलांच्या वह्यांवर खर्च झाली असती, तर नफ्यापुरता तरी पैसा येथल्या माणसाच्या हाती राहिला असता. नोटा काही केबलच्या तारेतून उडत जात नाहीत, म्हणून हे आपल्या ध्यानात येत नाही इतकेच.

येथे केबलचालकाची बाजू मांडणे भाग आहे. तो आपल्यातलाच माणूस आहे. भर पावसात खांबावर चढतो, वादळात तुटलेली तार जोडतो आणि शिव्याही तोच खातो. घरांनी केबल सोडली तर कंपनीच्या नफ्यात खरचटेल, पण याच्या घरात चूल थंड होईल. त्याच्यासाठी म्हणून सर्वांनी केबल ठेवावी, असे आम्ही म्हणणार नाही. दया म्हणून चाललेला धंदा टिकत नाही. परंतु घरोघर तार नेण्याचे कसब, ओळखी आणि वसुलीची सवय ही त्याची पुंजी आहे. इंटरनेटची जोडणी आणि छत्र्यांची दुरुस्ती यांकडे त्याने वेळीच वळावे. ग्राहक सुटत आहेतच. ट्रायच्याच आकड्यांनुसार देशातील सशुल्क डिशचे चालू ग्राहक २०२० अखेर सुमारे ७ कोटी होते, ते मार्च २०२४ अखेर सुमारे ६ कोटी २० लाखांवर आले. आपण सोडा म्हणालो काय किंवा धरा म्हणालो काय, वारा कुठे वाहतो आहे ते दिसतेच.

सोडल्यावर काय? येथे दोन वाटा आहेत आणि त्यांतली एक फसवी आहे.

पहिली वाट प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशची. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ती सुरू झाली. छत्री आणि डबा एकदा विकत घ्यायचा. त्यानंतर महिन्याचे भाडे शून्य. केबलचे साताठ महिन्यांचे पैसे वाचले की ही खरेदी वसूल होते. सह्याद्री, डीडी न्यूज, डीडी किसान यांखेरीज खासगी वाहिन्याही लिलावात जागा घेऊन यावर येतात. शाळकरी मुलांसाठी पीएम ई-विद्येच्या वाहिन्या आहेत. २०२० मध्ये इयत्तेमागे एक अशा बारांनी सुरुवात झाली होती. क्रिकेटवेड्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २००७ च्या कायद्याने भारतीय संघाच्या एकदिवसीय आणि टी-२० सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिनीला दूरदर्शनला द्यावेच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला, की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वत:च्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवावे, खासगी केबल-डिशवरील दूरदर्शन वाहिन्यांवर नव्हे. म्हणजे भारताचा सामना फुकट पाहायचा तर तो पैसे देणाऱ्याला दिसत नाही, न देणाऱ्याला दिसतो! आयपीएल मात्र यात येत नाही.

उणीवही सांगितली पाहिजे. मराठी मालिकांच्या आवडत्या वाहिन्या येथे मिळतीलच असे नाही. मोठ्या कंपन्यांच्या हिंदी मनोरंजन वाहिन्यांचाही भरवसा नाही. २०१९ मध्ये त्या निघाल्या, २०२० मध्ये परतल्या, २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. डबा घेताना तो एमपीईजी-४ चा आहे काय, हे दुकानदाराला विचारावे. जुन्या पद्धतीच्या डब्यावर काही वाहिन्या दिसत नाहीत. आणि घरच्या कर्त्या पुरुषाने परस्पर तार तोडून येऊ नये. दिवसभर राबणाऱ्या गृहिणीला संध्याकाळची एक मालिका हीच करमणूक असेल, तर बचतीची सुरुवात तिच्यापासूनच का व्हावी? चौकातल्या चहा-पानाच्या खर्चाचा हिशेबही त्याच बैठकीत मांडावा. तिला एकच वाहिनी हवी असेल तर बाकीचा पॅक काढून तेवढी एक सुटी घेता येते. तो तिचा हक्क २०१९ पासून आहे.

दुसरी वाट मोबाईलची आणि हीच फसवी आहे. केबल सोडली, आता सारे फोनवर पाहतो, असे अभिमानाने सांगणारे भेटतात. त्यांना विचारावे, घरात फोन किती? जुलै २०२४ मध्ये कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा एक प्रचलित पॅक २९९ रुपयांचा झाला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा महिने होतात. कालनिर्णयमध्ये हा तेरावा महिना सापडणार नाही, पण तो खिशातून जातो. २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये एका फोनचे. चार फोनांचे साडेपंधरा हजार. केबलचे तीन हजार वाचवून हे साडेपंधरा हजार चालू ठेवले तर बचत कोठे झाली? शिवाय फुकट म्हणून लागलेली सवय फुकट राहत नाही. २०२३ आणि २०२४ ची आयपीएल मोबाईलवर मोफत दाखवली गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन ॲप एकत्र झाली आणि वर्गणी मागू लागली. आधी चव, मग बिल! आपल्यापैकी ज्यांनी कधी नवे दुकान थाटले आहे त्यांना हा मंत्र ठाऊक आहे.

म्हणून केबल सोडण्याआधी फोनांची यादी करावी. ज्या वडीलधाऱ्यांना फक्त बोलायचे आहे, त्यांच्या फोनात रोजचा दीड जीबी का भरायचा? केवळ बोलणे आणि संदेश यांसाठीचे, इंटरनेट नसलेले रिचार्ज कंपन्यांनी ठेवलेच पाहिजे, असे ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये ठरवून दिले आहे. तसेच पूर्ण महिन्याचा निदान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवावा, हा आदेश जानेवारी २०२२ चा. दुकानदार ते आपणहून सांगत नाही. मागावे लागतात.

बातम्यांसाठी आकाशवाणीचे नागपूर केंद्र आहे. १९४८ पासून ते चालू आहे आणि कारंजाच्या शेतात खुरपणी करताना त्याचा आवाज कानी पडतो. त्याला रिचार्ज लागत नाही. एखादे मराठी दैनिक घेतले तरी ते केबलपेक्षा महाग पडत नाही आणि महिनाअखेर त्याची रद्दी तरी विकली जाते.

ज्यांना धाडस होत नाही त्यांनी एकदम तोडू नये. जोडणी तात्पुरती बंद ठेवण्याची सोय आहे. मुलांच्या दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असतात, तेव्हा दोन महिने अर्ज देऊन बंद ठेवून पाहावी. त्या दोन महिन्यांचे पैसे वेगळ्या डब्यात टाकावेत, म्हणजे ते डोळ्यांना दिसतील. अन्यथा ते चहात विरघळतात. कायमची बंद करायची असेल तर तोंडी सांगून भागत नाही, लेखी द्यावे व पोच घ्यावी. डबा भाड्याचा की मालकीचा, हे जुन्या पावतीवर पाहावे. अनामत ठेवली असेल तर डबा परत करताना ती मागून घ्यावी. पावती हरवली असेल तर निदान डब्यावरचा क्रमांक लिहून ठेवावा.