निरोप

आपल्या मराठीत ‘निरोप’ हा शब्द मोठा लबाड आहे. निरोप येतो तेव्हा तो सांगावा असतो. निरोप घेतला की ताटातूट होते. वर्गात मी हा भेद वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. पण या दोन अर्थांत जीवनमरणाचे नाते आहे, हे मला सांगितले साताऱ्याच्या माझ्या भाचीने.

गेल्या भाऊबीजेला सांगलीहून ताईकडे गेलो होतो. भाची पुण्यास प्रयोगशाळेत पेशी वाढविते. फराळ करता करता मी विचारले, “अगं, काचेच्या ताटलीत त्या पेशींना खायला तरी काय घालता?”

“साखर, क्षार, जीवनसत्त्वे, सगळे घालतो, मामा. पण रक्तातल्या टी-पेशींचे तेवढ्याने भागत नाही. शरीरात त्यांना शेजारच्या पेशींकडून निरोप येतात, ‘जगा, वाढा.’ ताटलीत शेजार कुठला? निरोप थांबला, की भरल्या ताटावर त्या थोड्या दिवसांत मरतात.”

हे निरोप म्हणजे इवलीशी प्रथिने. त्यांतले इंटरफेरॉन १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स व लिंडेनमान यांना सापडले. टी-पेशी वाढविणारे प्रथिन १९७६ साली अमेरिकेत उजेडात आले. पुढे १९७९ मध्ये ‘इंटरल्यूकिन’ हे नाव ठरले. अर्थ साधा : पांढऱ्या पेशींमधले बोलणे.

पूर्वी ही द्रव्ये माणसांच्या पांढऱ्या पेशींपासून मोठ्या कष्टाने मिळवीत, आणि तीही भेसळीची. मग माणसाचे जनुक जिवाणूत बसविण्याची युक्ती निघाली. १९८० मध्ये इंटरफेरॉन अशा रीतीने तयार झाल्याचे जाहीर झाले. १९८३ मध्ये इंटरल्यूकिन-२ चे जनुक हाती आले. अर्थ न कळता पोथी उतरून काढणाऱ्या लेखकासारखा हा जिवाणू माणसाचा निरोप बिनचूक नकलून देतो.

कुपीत हा माल साखरेच्या दाण्याहूनही थोडका असतो. तो थंडीत जपावा लागतो. पुनःपुन्हा गोठविला-वितळविला तर बिघडतो. किंमत ऐकून ताई म्हणाली, “अगं बाई! याच्यापुढे सोने स्वस्त म्हणायचे!”

आपल्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखावयास शिकवून, परत देण्याचा एक उपचार आहे. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून निघालेल्या अशा उपचारास २०२३ साली भारतात मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. अशा पेशी बाहेर वाढविताना सामान्यतः ही प्रथिने लागतात. निरोप कमअस्सल निघाला तर पेशी वाढत नाहीत, आणि खाटेवर वाट पाहणाऱ्याचे दिवस फुकट जातात. त्याच्याजवळ दिवसच मोजके असतात.

या प्रथिनांना मराठीत काय म्हणावे, असे कोणी विचारले तर मी ‘निरोपी प्रथिने’ असे सुचवीन. वेळेवर आलेला निरोप कुणाला तरी अवेळी निरोप घेऊ देत नाही, एवढे त्या शब्दात येते.